पसाभर ज्वारी आणि तिचे दावेदार

वाशिम जिल्ह्यातील गावांत आणि तालुक्यांच्या शहरांत उन्हाळा लागला की अंगणात, गच्चीवर किंवा शाळेच्या कुंपणाशी मातीच्या परळात पाणी आणि शेजारी पसाभर ज्वारी, बाजरी वा तांदळाच्या कण्या ठेवण्याचा प्रघात आहे. अलीकडे त्याच्या जोडीला तेलाचे रिकामे डबे आणि पाण्याच्या बाटल्या कापून केलेली टांगती दाणापात्रेही दिसू लागली आहेत. दाणे ठेवणाऱ्याच्या मनात बहुधा चिमणी असते, परंतु त्या दाण्यांवर हक्क सांगायला येणाऱ्यांत चिमणीचा क्रम बराच खालचा लागतो. पारवे, होले, साळुंक्या, पोपट, सातभाई, बुलबुल, गावकावळे आणि पक्षी नसूनही या मंडळींत हमखास सामील होणारी खार या सर्वांची गाठ त्या एका भांड्यापाशी पडते, आणि कोणाच्या पदरात किती पडते हे ठरवणारे नियम बरेचसे ठाशीव आहेत. हे नियम पाहिले म्हणजे असे दिसते की ही चढाओढ पक्ष्यांच्या धीटपणापेक्षा दाणा कोणता, किती आणि केवढ्या जागेत टाकला यावर अधिक अवलंबून असते, आणि या तिन्ही गोष्टी माणसाच्या हाती असतात.

एखादी गोष्ट सर्वांना पुरेल इतकी नसेल आणि एकाने ती वापरल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत असेल, तर त्या दोघांत स्पर्धा आहे असे जीवशास्त्र मानते, मग ते दोघे कधी समोरासमोर आले असोत वा नसोत. या स्पर्धेचे दोन प्रकार सांगितले जातात. साळुंकी चोच वासून चिमणीच्या अंगावर धावते आणि तिला भांड्यावरून उडवून लावते, ती हस्तक्षेपी स्पर्धा. येथे एक प्राणी दुसऱ्याला अन्नापर्यंत पोहोचूच देत नाही. होला मात्र कोणाच्या अंगावर न जाता खाली मान घालून अर्धे भांडे रिकामे करून जातो, ती उपभोगी स्पर्धा. येथे कोणी कोणाला अडवत नाही, फक्त आधी आलेला आणि भराभर खाणारा मागाहून येणाऱ्यासाठी काही उरू देत नाही. पाहणाऱ्याच्या नजरेत पहिलीच भरते, कारण तिच्यात आवाज आणि फडफडाट आहे. दाण्यांचा हिशेब केला तर मात्र दुसरीत होणारे नुकसान पुष्कळदा मोठे निघते, आणि ते का, हे चोचीच्या व पोटाच्या रचनेत दडलेले आहे.

चिमणीची चोच आखूड, जाड आणि शंकूसारखी असते. सावा किंवा राळा यांसारखे टरफलाचे धान्य मिळाले की ती दाणा चोचीच्या कडांमध्ये धरून फिरवते, टरफल सोलून खाली टाकते आणि मगच आतला गर गिळते. ज्वारीचा टपोरा दाणा असेल तर तो चोचीत दाबून फोडावा लागतो. मुनियांचेही असेच आहे. या कामाला वेळ लागतो, आणि तो सारा वेळ चिमणीला भांड्याच्या काठावर, उघड्यावर बसून काढावा लागतो. पारव्या-होल्यांच्या कुळाला ही यातायात नाही. ते दाणा न फोडता अखंड गिळतात, तो गळ्याच्या तळाशी असलेल्या पिशवीत, म्हणजे अन्नपुटात साठवतात, आणि मग एखाद्या तारेवर किंवा लिंबाच्या फांदीवर निवांत बसून पेषणीत, म्हणजे स्नायूंच्या जाड भिंतींच्या जठरात, गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने तो भरडून घेतात. चिमणीसाठी भांडे ही जेवणाची जागा आहे. पारव्यासाठी ती केवळ शिदोरी भरून घेण्याची जागा आहे. सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा पारवा आणि जेमतेम २५ ग्रॅमची चिमणी यांच्यात भांडण झालेच नाही, तरी पसाभर ज्वारी कोणाच्या पोटात जाणार हे त्यामुळे आधीच ठरलेले असते.

जेथे समोरासमोर गाठ पडते तेथे उतरंड तयार होते. कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचू शकते याचा ठराविक क्रम असतो, ही गोष्ट नॉर्वेच्या थॉर्लाइफ श्जेल्डरूप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून प्राण्यांच्या समूहातील वर्चस्वाच्या क्रमाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. क्रम एकदा ठरला की प्रत्येक दाण्यासाठी नवी मारामारी करावी लागत नाही. दुबळा पक्षी सबळाला येताना पाहूनच बाजूला सरतो आणि दोघांचीही शक्ती वाचते. निरनिराळ्या जातींमध्येही असाच क्रम असतो का, हे पाहण्यासाठी उत्तर अमेरिकेत हजारो नागरिकांनी आपापल्या अंगणातील दाणापात्रांवरील झटापटींच्या नोंदी केल्या, आणि त्यांवर आधारलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण कोणाला हुसकावतो हे ठरवण्यात शरीराचे वजन ही सर्वांत महत्त्वाची बाब ठरली. मात्र काही कुळे वजनाच्या मानाने अधिक दांडगी निघाली, त्यांत सुतारपक्षी पुढे होते. आणि होल्यांचे कुळ अंगाने भरलेले असूनही भांडणात मवाळ निघाले. भांडणात माघार घेणारा होला खाण्यात मात्र मागे राहत नाही, आणि स्पर्धेच्या दोन प्रकारांतील भेद समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

वाशिमच्या अंगणातील उतरंडही स्थूलमानाने वजनाचाच माग घेते. गावकावळा उतरला की बाकीचे दूर होतात; पण त्याला दाण्यांपेक्षा पोळीच्या तुकड्यांत, भातात आणि उरल्यासुरल्या अन्नात अधिक रस असतो, आणि मोठा तुकडा मिळाला तर तो भांड्यापाशी न थांबता तो उचलून नेतो व पुष्कळदा लपवूनही ठेवतो. साळुंकी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिची जोडी बहुधा एकत्र येते, त्यामुळे एकटादुकटा बुलबुल किंवा भांगपाडी मैना तिच्यापुढे टिकत नाही. सातभाई वजनाने साळुंकीहून हलके, पण ते थव्याने येतात आणि संख्येच्या बळावर जागा अडवतात. त्यांच्यातला एखादा उंचावर बसून पहारा करतो, म्हणून उरलेल्यांना मान खाली घालून खाता येते. खार या क्रमात कोठे बसवावी हा प्रश्नच आहे, कारण ती भांड्यातच बसून राहते आणि दोन पायांवर दाणा कुरतडताना शेजारी कोण आले याची फारशी पर्वा करत नाही.

पोपटाचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. चोच आणि पाय या दोहोंचा हातासारखा उपयोग करणारा हा पक्षी भुईमुगाची शेंग, मक्याचे कणीस किंवा सूर्यफुलाचे बी पायात धरून सोलतो, आणि खातो त्याहून अधिक खाली सांडतो. त्यामुळे टांगत्या दाणापात्रावर त्याची सत्ता असली तरी खाली जमिनीवर होले आणि चिमण्या त्याच्या उधळपट्टीवर गुजराण करतात. एकाच झाडाखाली स्पर्धा आणि उपकार दोन्ही एकाच वेळी चाललेले असतात. हाच पोपट, ज्याच्या नराच्या मानेभोवती गुलाबी कंठ असतो आणि जो वाशिम परिसरात तुरीच्या शेंगांवर तुटून पडतो, पिंजऱ्यातून सुटून लंडनमध्ये स्थायिक झाला आहे. तेथे हॅना पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दाणापात्राजवळ पिंजऱ्यात पोपट ठेवला, किंवा नुसता त्याचा आवाज ऐकवला, तरी तेथील वल्गुली (टिट) कुळातील छोट्या पक्ष्यांचे भांड्यावर येणे कमी झाले, आणि जे आले ते खाण्यापेक्षा मान वर करून इकडेतिकडे पाहण्यातच अधिक वेळ घालवू लागले. पोपटाने एकही टोच न मारता हा परिणाम साधला होता. भीतीने वाया जाणारा वेळ हीसुद्धा उपासमारच असते, फक्त ती मोजायला अवघड असते.

एकाच जातीच्या पक्ष्यांतील स्पर्धा याहून तीव्र असते, कारण त्यांना नेमके तेच अन्न, त्याच वेळी आणि त्याच ठिकाणी हवे असते. चिमण्यांच्या थव्यात नराच्या गळ्यावरील काळा डाग जितका मोठा तितका त्याचा दर्जा वरचा, म्हणजे हा डाग अंगावरचा बिल्लाच आहे, असे १९८० च्या दशकापासून पाठ्यपुस्तकांतून सांगितले जात होते. परंतु २०१८ मध्ये जुन्यानव्या माहितीची एकत्र फेरतपासणी झाली तेव्हा या समजुतीला असलेला आधार बराच तोकडा निघाला. याहून भक्कम ठरलेली गोष्ट म्हणजे थव्यातील कामाची विभागणी. बर्नार्ड आणि सिब्ली या संशोधकांनी १९८१ मध्ये पिंजऱ्यातील चिमण्यांच्या थव्यांवर काम करून दाखवले की काही चिमण्या स्वतः अन्न शोधतात, तर काही या शोधणाऱ्यांवर नजर ठेवून त्यांना सापडलेल्यात भागीदारी करतात. शोधक आणि आयतोबा असे हे दोन गट एकमेकांवर अवलंबून असतात: आयतोबा फार झाले तर शोधणारेच उरत नाहीत आणि आयतेपणाचा लाभ आपोआप घटतो.

अन्न कशा रूपात आहे यावर पक्ष्याचे वागणे कसे फिरते हे मार्क एल्गर यांच्या १९८६ मधील अभ्यासाने फार सुरेख रीतीने दाखवले. पावाचा चुरा केलेला असेल तर प्रथम येणारी चिमणी चिवचिवाट करून इतरांना बोलावते, कारण वाटून घेण्यासारखे पुष्कळ असते आणि सोबतीमुळे शिकाऱ्याचा धोका विभागला जातो. तोच पाव एका अखंड तुकड्याच्या रूपात असेल तर ती मुकाट्याने येऊन खाऊ लागते. चिमणीचा मोठेपणा म्हणा किंवा कृपणपणा म्हणा, तो पावाच्या आकारावर ठरतो. जेरम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो: अन्न एका जागी गोळा झालेले असेल तर त्याची राखण करणे परवडते, म्हणून दांडगा पक्षी तेथे ठाण मांडतो, तेच अन्न विस्तीर्ण जागेत पसरलेले असेल तर राखणीत खर्च होणारी शक्ती मिळणाऱ्या अन्नापेक्षा जास्त होते आणि मालकी सोडून देणेच फायद्याचे ठरते. छोट्या भांड्यातली ज्वारीची रास साळुंकीला मालकीण बनवते. तीच ज्वारी अंगणभर विखरून टाकली तर साळुंकी इतरांना हाकलण्याचा नाद सोडून वेचू लागते, आणि चिमण्यांनाही कडेकडेने आपला वाटा मिळतो.

भांडी दोन ठेवली तर काय होते, याचे उत्तर केंब्रिजच्या वनस्पती उद्यानातील तळ्यावर मिळाले. हार्पर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात तळ्याच्या दोन टोकांना दोन माणसे उभी राहून बदकांना पावाचे तुकडे टाकत होती, आणि एकाचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट ठेवला की थोड्याच वेळात बदकेही त्याच प्रमाणात विभागली जात होती. सरासरीने पाहता ही वाटणी न्याय्य दिसे. प्रत्यक्षात प्रत्येक टोकाला काही दांडगी बदके इतरांपेक्षा बरेच जास्त खाऊन जात होती. म्हणून दुसरे भांडे ठेवल्याने गर्दी विभागली जाते, पण गर्दीतली उतरंड मोडत नाही; ती मोडायची असेल तर दुसऱ्या भांड्यात वेगळे अन्न ठेवावे लागते, जसे मुनियांसाठी राळ्यासारखे बारीक धान्य आणि बुलबुलांसाठी पिकलेल्या पपईची फोड.

विखुरलेल्या अन्नाची ही स्थिती वाशिममध्ये एकेकाळी योजून आणावी लागत नव्हती, कारण ज्वारीची शेते ती आपोआप निर्माण करीत. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा झाला, त्याच्या आगेमागेच या भागातील खरिपाचे चित्र पालटत होते. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित वाणाने विदर्भातील ज्वारीचे उत्पादन वाढवले खरे, पण लवकर पक्व होणाऱ्या संकरित ज्वारीचे कणीस परतीच्या पावसात सापडून काळे पडू लागले आणि त्याला भाव मिळेना. पुढे नगदी पैसा देणारे सोयाबीन आले, आणि आज रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा आणि वाशिम या सहाही तालुक्यांत पावसाळ्यात नजर जाईल तेथपर्यंत सोयाबीन आणि त्याच्या ओळींमधून तूर दिसते. सोयाबीनचा टणक, मोठा दाणा चिमणी-मुनियांच्या उपयोगाचा नाही. माणसाच्या दृष्टीने एका पिकाच्या जागी दुसरे पीक आले. दाणे खाणाऱ्या छोट्या पाखरांच्या दृष्टीने शेतच नाहीसे झाले.

ज्वारी दुधात आल्यापासून काढणीपर्यंत माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकलणे हे कुटुंबातल्या कोणा ना कोणाचे हंगामी काम असे. सुगरणी, चिमण्या, मुनिया, पोपट आणि मध्य आशियातून थव्याथव्याने येणाऱ्या भोरड्या हे सारे त्या कणसांवर उतरत, आणि राखण कितीही कडक असली तरी काही वाटा त्यांना मिळेच. पुढे खळ्यावर सांडलेले दाणे होते, कडब्याच्या गंजीत अडकलेले दाणे होते. नुकसान होई, पण ते शेकडो एकरांवर वाटले जाई. ज्वारीचे क्षेत्र आटल्यावर पाखरांची भूक मात्र त्या प्रमाणात आटली नाही, आणि एखाद्या शेतकऱ्याने हौसेने किंवा कडब्याच्या गरजेपोटी एकट्याने ज्वारी पेरली, तर पंचक्रोशीतील सारी पाखरे त्या एकाच वावरावर तुटून पडतात. मग पाखरे ठेवत नाहीत म्हणून तोही पुढच्या वर्षी ज्वारी सोडतो आणि उरलेल्या वावरांवरचा भार आणखी वाढतो. रोही आणि रानडुकरे यांनी या दुष्टचक्राला आपला हातभार लावला आहेच. दाणापात्रावर दिसते तीच गोष्ट येथे शेताच्या मापावर घडते: अन्न जितके थोड्या जागी गोळा होईल, तितकी त्यावरची झुंबड मोठी. गवताच्या बियांवर जगणाऱ्या पक्ष्यांना थोडा आसरा २००० मध्ये घोषित झालेल्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या माळरानात मिळतो. परंतु सुमारे १८ चौ. किमी. क्षेत्र जिल्ह्याच्या मानाने फार थोडे आहे.

माणसाने ठेवलेल्या भांड्याखेरीज निसर्गाची स्वतःची दाणापात्रे आहेत आणि विदर्भात त्यांतले सर्वांत भडक पळसाचे आहे. माघ-फाल्गुनात पानगळ झालेल्या रानात पळस आणि काटेसावर फुलतात, तेव्हा किडे आणि फळे दोन्ही दुर्मीळ झालेली असतात, आणि फुलांतला मध हेच पुष्कळ पक्ष्यांचे पाणी व अन्न होते. भोरडीला पळसमैना असेही नाव आहे. सालिम अली यांनी १९३२ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांना बोलावणारी फुले यांवर सविस्तर लेख लिहिला, आणि या विषयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. फुललेल्या सावरीवर साळुंक्या, भांगपाड्या, भोरड्या, कोतवाल, बुलबुल, कावळे आणि शिंजीर एकाच वेळी दिसतात, आणि तेथेही मोठे पक्षी छोट्यांना हुसकावतात. येथे मात्र झाडाचा स्वतःचा स्वार्थ आडवा येतो. मध फुकट नसतो. परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याची ती मजुरी असते. दिल्ली विद्यापीठातील टंडन, शिवण्णा आणि मोहन राम यांनी पळसावर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की फुलांवर सात जातींचे पक्षी येत असले तरी परागीभवनाचे काम खऱ्या अर्थाने करणारा पक्षी एकच होता, तो म्हणजे जेमतेम आठ-नऊ ग्रॅमचा जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला हे काम खारही करीत होती. बाकीचे मध पिऊन जात, पण झाडाच्या दृष्टीने ते बिनकामाचे पाहुणे होते. भोरड्यांच्या दंडेलीमुळे शिंजीर एका झाडावर टिकत नाही आणि पुढच्या झाडाकडे वळतो. ही हुसकावणी परपरागीभवनाच्या, म्हणजे वेगळ्या झाडाचे पराग मिळण्याच्या, पथ्यावर पडत असेल, तर एका पक्ष्याचा पराभव झाडाचा लाभ ठरतो.

एप्रिल-मे महिन्यांत पळस झडून जातो, पारा ४२ अंशांच्या वर राहतो आणि चढाओढीचा विषय दाण्यापासून पाण्याकडे सरकतो. कोरडे दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना रोज पाणी लागते. किडे किंवा रसाळ फळे खाणाऱ्यांना अन्नातूनच पुष्कळसे पाणी मिळते, त्यामुळे परळाभोवती दाणे खाणाऱ्यांचीच गर्दी अधिक असते. येथेही पारव्या-होल्यांना शरीररचनेचा लाभ मिळतो. बहुतेक पक्षी चोचीत घोटभर पाणी घेतात, मान वर करतात आणि ते घशात उतरू देतात. पारवे आणि होले मात्र चोच पाण्यात बुडवून ते सलग ओढून घेतात आणि थोड्या क्षणांत तहान भागवून उडतात. पाण्यावर बसण्याचा प्रत्येक क्षण धोक्याचा असतो, कारण शिक्रा आणि गावातली मांजर या दोघांनाही परळाची जागा ठाऊक असते. परळ दाट झुडपापासून उडी मारण्याइतक्या अंतरावर ठेवला तर मांजराला लपून बसता येते, आणि फार उघड्यावर ठेवला तर शिक्र्यापासून पळायला जागा उरत नाही. बोरीचे किंवा बोगनवेलीचे काटेरी जाळे दोन-तीन मीटरवर असणे हे दोहोंतले बरे.

पक्ष्यांना अन्न घालण्यामागे या भागात धर्मभावनेची जुनी परंपरा आहे. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवला जातो. कारंजा आणि शिरपूर ही जैनांची जुनी केंद्रे, आणि जैन आचारात जीवदया म्हणून पाखरांना दाणे टाकण्याला मान आहे. या परंपरेतील करुणा निर्विवाद आहे, परंतु रोज एकाच जागी, भरपूर आणि एकाच प्रकारचे धान्य टाकले की त्याचा वाटेकरी अखेरीस पारवाच ठरतो, हे मुंबईच्या कबुतरखान्यांनी दाखवून दिले. २०२५ मध्ये तेथील वाद विधिमंडळापासून उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि त्यात विष्ठेच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या विकारांचा मुद्दा मुख्य होता. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात काही घरांच्या परसात मुद्दाम पाव आणि धान्य ठेवून व शेजारची तशीच काही घरे न ठेवता तुलना केली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चिमणी आणि ठिपकेवाला होला यांची संख्या वाढली, आणि किडे खाणारा तेथील एक छोटा स्थानिक पक्षी कमी झाला. वाढलेले दोन्ही पक्षी माणसाने तेथे बाहेरून नेलेले, आणि दोन्ही भारतीय वाचकाच्या ओळखीचे आहेत. गर्दीचा आणखी एक परिणाम रोगाचा: ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीने दाणापात्रांवर येणाऱ्या हिरव्या फिंच पक्ष्यांचे थवेच्या थवे नाहीसे केले. परळ रोज घासून उन्हात कोरडा करणे आणि शिळे दाणे फेकून देणे एवढ्याने हा धोका बराच कमी होतो.

पारव्याची सरशी भांड्यापाशीच संपत नाही. ती घरट्यात जाऊन पक्की होते. पारवे आणि होले यांच्या अन्नपुटाच्या अस्तरातून पिल्लांसाठी दह्यासारखा पौष्टिक पदार्थ तयार होतो, त्याला पारव्याचे दूध म्हणतात, आणि नर-मादी दोघेही तो पिल्लांना भरवतात. म्हणजे केवळ धान्य खाऊनही त्यांना पिल्ले वाढवता येतात, आणि धान्य वर्षभर मिळाले तर ती वर्षभर वाढवता येतात. चिमणीला ही सोय नाही. मोठी चिमणी दाण्यांवर जगते, पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला पहिल्या काही दिवसांत अळ्या, नाकतोडे आणि मऊ किडेच लागतात. ते न मिळाल्यास भांड्यात कितीही ज्वारी असली तरी घरटे रिकामे होते. त्यामुळे २० मार्चच्या जागतिक चिमणी दिवसाला लावलेले दाणापात्र जितके चिमणीला तगवते, त्याहून अधिक पारव्यांची वीण वाढवते, हा निष्कर्ष कटू असला तरी टाळता येत नाही. २०२० च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालाने चिमणीची संख्या देशभरात साधारण स्थिर, पण महानगरांत घटलेली असल्याचे म्हटले. महानगरात दाण्यांची टंचाई आहे असे म्हणवत नाही. किड्यांची मात्र आहे.

किड्यांचे भांडार वाशिममध्ये अजून शेतातच आहे. श्रावण-भाद्रपदात सोयाबीनवर उंटअळी आणि तंबाखूची पाने खाणारी अळी पडते, पुढे हरभऱ्यावर घाटेअळी येते, आणि या काळात कोतवाल, साळुंक्या, गायबगळे व चिमण्या त्याच सोयाबीनच्या वावरात अन्न शोधतात, ज्याचा दाणा त्यांच्या कामाचा नाही. कृषी विद्यापीठांच्या एकात्मिक कीड नियंत्रणाच्या शिफारशींत म्हणूनच शेतात पक्षिथांबे, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या, ठिकठिकाणी उभ्या करायला सांगितलेले असते, आणि हरभऱ्यात थोडी ज्वारी मिसळून पेरण्याचा सल्लाही दिला जातो, कारण तिची ताटे पक्ष्यांना बसायला उपयोगी पडतात. या थांब्यांवरही चढाओढ चालतेच: कोतवाल आपल्या थांब्याजवळ दुसऱ्याला फिरकू देत नाही, आणि साळुंकीने शोधलेला किडा तिच्या चोचीतून हिसकावण्यास मागेपुढे पाहत नाही. थांबे एकमेकांपासून दूर दूर रोवले, तर एकाच कोतवालाला सगळ्यांवर सत्ता गाजवता येत नाही, प्रत्येक थांब्याला स्वतंत्र धनी मिळतो, आणि अळ्याही वावराच्या एका कोपऱ्यात नव्हे तर सगळीकडे वेचल्या जातात. रासायनिक फवारणी लवकर आणि वारंवार झाली की हे थांबे ओस पडतात, कारण मग तेथे भांडण्याजोगे काही उरलेले नसते.